नावावरची पट्टी

९ जानेवारी

धाकटे,

मासिक मिळालं. तू पाठवलं नाहीस. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी ते आणून माझ्या टेबलावर आपटलं. "बघा, तुमची बहीण!" म्हणाले, आणि वर हसले. पानभर फोटो. मागे ते मोठमोठे स्क्रीन, अंगात इस्त्रीचा कोट, आणि शाळेत बक्षीस घेताना तुझ्या चेहऱ्यावर असायचा तोच भाव. फोटो छान आलाय. हनुवटी जरा जास्तच वर आहे, पण असू दे.

मुलाखत वाचली. चहा गार झाला तरी वाचत राहिले. "हाडातली साधी सिस्ट आणि कॅन्सरची गाठ यांतला फरक ओळखायला बसले की आधी मी एक्स-रेच्या फिल्मवरच्या नावावर चिकटपट्टी लावते. वय तेवढं विचारते. तक्रार नाही, आधीच्या डॉक्टरांचं मत नाही. आधी हाडाचं ऐकायचं, मग माणसांचं." वा! आणि पुढे काय, तर "ही माझी पद्धत आहे."

तुझी? बाई गं, तुझी? पहिल्या वर्षाला तू रडत माझ्या खोलीवर आली होतीस. एका म्हातारीच्या मांडीच्या हाडातली गाठ तुला दिसलीच नव्हती, कारण वरच्या डॉक्टरांनी कागदावर 'संशयास्पद काही नाही' लिहून ठेवलं होतं आणि तू ते आधी वाचलं होतंस. तेव्हा फिल्मवर पट्टी कोणी लावली? माझी टाच सोलवटली होती, तिच्यासाठी आणलेली पट्टी होती ती. कात्री सापडेना म्हणून दातांनी तोडली. तिची कडू चव मला अजून आठवते. माझं नाव नको, पण 'एकीनं शिकवलं' एवढंही म्हणायला जीभ जड झाली तुझी?

जळतेस का, असं विचारशील. हो, जळते. फोनवर बोलले असते तर तू 'हं, हं' करून विषय बदलला असतास. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहितेय.

इथलं काय सांगू? माझी खोली अजून तळघरातच आहे, आणि फिल्म बघायच्या लाइटबॉक्सची एक नळी अजून फडफडते. दिवसभर छात्या आणि मोडलेली मनगटं बघते. तुझ्यासारख्या दुर्मीळ गाठी घेऊन माझ्याकडे कोण येणार!

आणि भिंगरीचा रविवारचा फोन सलग दुसऱ्यांदा चुकला. आपल्या बंधुराजांना विचारलं तर म्हणाले, घसा बसलाय. त्या पोरीचा घसा बसला असेल तर अख्खी आळी शांत झोपली असेल. तू त्याच गावात आहेस, भाचीकडे जरा डोकावून ये. मुलाखतींतून वेळ मिळाला तर.

मासिकात नसलेली,
ताई


१७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून हसले, मग चिडले, मग परत हसले. मुलाखतीतलं बरंच त्यांनी गाळलं. हनुवटीचं मात्र खरं आहे.

भिंगरी बरी आहे. तिचं काही ना काही चालू असतं. करेल फोन.

सोबत एक एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म आहेत. नावावर पट्टी लावलीय. तुझीच पद्धत, घे, लिहून दिलं. वय अकरा. बाकी काही सांगणार नाही. माझं मतही नाही.

इथे सगळ्यांनी बघून झालंय. पण ते फिल्मकडे बघण्याआधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माना डोलावतात. मी नुसती खोकले तरी डोलावतील. तू डोलावणार नाहीस. जे दिसेल ते लिही, हातचं राखू नकोस. आणि लवकर लिही.

धाकटी


२२ जानेवारी

धाकटे,

पाकीट आलं त्याच दिवशी बसले. लवकर हवं म्हणालीस म्हणून नाही. तुला माझं मत हवंय हे वाचून अंगावर मूठभर मांस चढलं, म्हणून बसले. दार लावलं, फडफडणाऱ्या नळीला एक टपली मारली, आणि चष्मा पुसून घेतला.

तुझं मत मी न विचारता ओळखलंय. तू सिस्ट म्हणणार, रक्तानं भरलेली. दंडाच्या हाडात खांद्याजवळ पोकळी, हाड त्या जागी फुगलेलं, वरचं कवच अंड्याच्या टरफलाएवढं पातळ, आणि ते मोडलंय. एमआरआयमध्ये आतलं रक्त निवळून थर बसलेत. पुस्तकात छापावं असं चित्र. तुझी मंडळी माना डोलावणारच.

आता काखेच्या बाजूची कड बघ. बाकी सगळीकडे कड पेन्सिलीनं काढल्यासारखी स्वच्छ आहे. तिथे मात्र बोटानं पुसल्यासारखी. तिथेच हाडावरचं आवरण उचललं गेलंय आणि त्याच्याखाली नवं हाड धरू लागलंय. एमआरआयमध्ये नेमकी तीच भिंत जाड आहे, आणि शिरेतून औषध दिल्यावर उजळते. मोडलेलं हाड भरून येताना असं होतं, असं म्हणशील. पण मोड ताजा आहे गं, त्याच्या कडा अजून धारदार आहेत. ताज्या मोडाला नवं हाड धरायला वेळ कधी मिळाला? आणि रक्ताचे थर दिसले की सिस्ट, असं म्हणणाऱ्यांना विचार: हाडाचा एक कॅन्सर असाच आतून रक्तानं भरलेला असतो आणि त्यातही असेच थर बसतात. तोही पोराटोरांनाच होतो.

तेव्हा माझं मत असं. ही सिस्ट आहे असं मी लिहून देणार नाही. कॅन्सर नाही असं सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरून चाला. बायोप्सी करा, आणि तुकडा त्या जाड भिंतीतूनच घ्या, दुसरीकडून घेऊन फसू नका.

चुकलीस, धाकटे! मासिकातली बाई चुकली. मी हे लिहिताना चक्क गुणगुणतेय. त्या लेकराचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण ते माझ्या ओळखीचं नाही, आणि तू आहेस.

आज फार खुशीत असलेली,
ताई

ता. क. भिंगरीला सांग, मोठी आत्या रुसलीय. आता एका फोननं भागणार नाही.


२५ जानेवारी

ताई,

ती भिंगरी आहे.

हे कसं लिहावं ते कळत नव्हतं, म्हणून तसंच लिहिलं. डिसेंबर संपता संपता शाळेच्या मैदानावर तिनं चेंडू फेकला आणि हात मोडला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे माझ्या टेबलावर. घसा बसल्याचं दादाच्या डोक्यातून निघालं. तो आणि वहिनी दोघांनी मला गळ घातली, ताईला आत्ता नको. ती जेवण सोडेल, मिळेल त्या गाडीनं येईल, आणि तिचा चेहरा बघून पोरीला सगळं कळेल. खोटं आहे का? तुला काही म्हणता काही लपवता येत नाही.

मी 'सिस्ट' लिहून दिलं. सही केली आणि मग घाबरले. पट्टी लावायला मी विसरले नव्हते गं, पण नाव फिल्मच्या आधी आलं. दादा दारातूनच म्हणाला, "भिंगरीचा आहे, बघ ना जरा." त्यानंतर पट्टी कशावर लावू? मला ती कड वाईट वाटली नाही, की वाईट वाटून घ्यायचीच नव्हती, हे माझं मलाच कळेना.

कोणाला विचारू? माझ्या हाताखालची मंडळी माझ्याशी वाद घालत नाहीत. मला असं माणूस हवं होतं, जे माझी चूक आवडीनं शोधेल, मिळाली नाही तर हिरमुसेल. असं एकच माणूस मला माहीत आहे. पण नाव सांगितलं असतं तर तूही माझ्यासारखीच झाली असतीस. म्हणून पट्टी.

राग काढ. काढून झाला की लिही.

धाकटी


२८ जानेवारी

धाकटे,

राग काढला. एक कप फुटला. तूच दिलेला.

ती पोर दर मोठ्या सुट्टीत माझ्याकडे असते. तिचे पडलेले दुधाचे दात माझ्या कपाटात डबीत आहेत, तुझ्या कपाटात नाहीत. आणि तिचा हात मोडला तर बंधुराज तुझ्या दारात! मला त्रास नको म्हणून म्हणे. मला नाही पटत. तू मासिकातली आणि मी तळघरातली, म्हणून तुझ्याकडे. वर मला रविवारी फोनपाशी बसवून ठेवलं, घसा बसलाय म्हणून. मी त्या घशासाठी गोळ्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या.

हे सगळं बडबडून झाल्यावर फिल्म परत लावली आणि पट्टी सोलून काढली. खाली तिचं नाव. काय सांगू तुला, मग मला काही दिसेचना. ना कड, ना भिंत. फक्त तिचा दंड दिसत होता, "बघ आत्या, केवढा स्नायू!" म्हणत दिवसातून दहादा फुगवून दाखवते तो. काडीएवढा आहे.

मी गुणगुणत होते, धाकटे. तिच्या हाडाकडे बघून गुणगुणत होते. ते पत्र फाडून टाक.

नको, फाडू नको. मत तेच आहे. पट्टी असताना जे दिसलं तेच खरं धरायचं, पट्टी काढल्यावरचं नाही. तुकडा त्या जाड भिंतीतूनच घ्या.

पण एक ऐक. तू कधी चुकतेस याच्यावर मी जन्मभर टपून बसलेय. परीक्षेत, नोकरीत, साध्या पत्त्यांच्या डावातसुद्धा. या एका वेळी तू बरोबर निघ. पुढच्या मासिकात दोन पानं फोटो येऊ दे, मी चौकट करून माझ्या खोलीत लावीन, रोज पुसेन. पण बरोबर निघ गं.

रजेचा अर्ज टाकलाय. मिळाली की येते. चेहऱ्याचं काय करायचं ते गाडीत बघते.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

ये. बायोप्सी पुढच्या आठवड्यात आहे. सर्जननी तुझं पत्र वाचलं, माझं मत बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "तुकडा जाड भिंतीतूनच." म्हणजे तू जिंकलीस तिथवर.

मी अजून सिस्टच म्हणतेय. माझ्या मते ती भिंत म्हणजे मोड भरून येताना धरलेलं नवं हाड आहे, बाकी काही नाही. पण तुझ्या एका वाक्याशी मी रोज अडते. मोड ताजा आहे. एक्स-रे दुसऱ्याच दिवशीचा, आणि एका दिवसात हाड धरत नाही. आधी कधी पडली होती का, कुठे आपटली होती का, म्हणून दादाला विचारून विचारून भंडावलं. भिंगरीला मी विचारलं, वहिनीनं विचारलं, सर्जननी विचारलं. "नाही" म्हणते. मी विचारते तेव्हा तर माझ्याकडे बघतही नाही, भिंतीकडे बघून "नाही" म्हणते.

माझं खरं निघालं तर पोकळी खरवडून भरतील, थोडी शाळा बुडेल, आणि चेंडू परत हातात. तुझं खरं निघालं तर जालीम औषधं, मोठं ऑपरेशन, आणि हात राहील का, याची सर्जन खात्री देत नाहीत. वहिनी मला रोज विचारते, "सिस्टच ना हो, नक्की ना?" मी हो म्हणते.

येताना हसण्याचा सराव करून ये.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

तू परत गेल्यावर दादानं तुला फोनवर सांगितलंच. तू रडलीस आणि मग त्यालाच ओरडलीस, हेही त्यानं मला सांगितलं. तरी मला ते तुला लिहून पाठवायचंय. सिस्ट आहे. कॅन्सर नाही. जाड भिंतीत भरून येणारं हाड निघालं, दुसरं काही नाही. मी बरोबर, तू चूक. घे, आणि ठेव जपून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. बायोप्सीच्या आदल्या दुपारी तू तिच्या खाटेशी बसली होतीस, आठवतं? मी बाहेरून काचेतून बघत होते. प्लास्टरचा हात उशीवर, दुसऱ्या हातानं तुझं बोट धरलेलं, आणि ती तुझ्या कानात काहीतरी बोलत होती. बराच वेळ बोलत होती. मग तू बाहेर येऊन मला सांगितलंस की हात मोडण्याच्या महिनाभर आधी ती शाळेच्या भिंतीवरून पडली होती. दंड दुखत होता, पण संघातून काढतील म्हणून गप्प बसली. हाड तेव्हाच तडकलं होतं. तेव्हापासून ते भरत होतं, आणि चेंडू फेकताना त्याच जागी मोडलं.

मी काय म्हणाले? "बरं, सर्जनना सांगते." एवढंच. तुला वाटलं मी घाईत आहे. मी घाईत नव्हते, ताई. तेव्हा मला नाचायला हवं होतं. अडलेलं सुटलं होतं, माझं मत पायावर उभं राहिलं होतं, पोरीचा हात वाचायची आशा आली होती. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हिला का सांगितलं? मी तिचं हाड आतूनबाहेरून बघितलंय. सकाळ-संध्याकाळ खाटेशी जाऊन बसले. गोड बोलून विचारलं, दरडावून विचारलं. तू आलीस, विचारलंससुद्धा नाहीस, नुसती बसून तिच्याशी पत्ते खेळलीस, आणि तिनं सगळं ओतून टाकलं. बरोबर मी होते, आणि बिलगली ती तुला.

तुला वाटतं जळणं हा फक्त तुझा प्रांत. अगदी लहानपणापासून लोक बक्षीस मला देतात आणि गप्पा मारायला तुझ्याकडे जातात. घरी आलेला पाहुणासुद्धा माझं प्रगतिपुस्तक बघायचा आणि मग तुझ्या शेजारी जाऊन बसायचा. म्हणून सांगते, मुलाखतीतलं तुझं नाव कोणी गाळलं नाही. मी घेतलंच नाही. एक गोष्ट तरी निव्वळ माझी असावी असं वाटलं, आणि नेमकी तुझीच उचलली.

पोकळी खरवडून भरली. टाके कोरडे आहेत. जेवण परत पाठवण्याइतकी ती बरी आहे, आणि मोठी आत्या कधी येणार, असं दिवसभर विचारते. मला विचारते.

धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

हरले. चुकले. आमच्या हाडांच्या डॉक्टरांना मी आपणहून जाऊन सांगितलं, माझी बहीण बरोबर निघाली आणि मी साफ चुकले. ते म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" इतकी हरून इतकी चांगली झोप मला आजवर कधी लागली नव्हती.

मुलाखतीचं मी तेव्हाच ओळखलं होतं. 'बरंच गाळलं' असं तू लिहिलंस ना, त्यात 'बरंच' म्हणालीस तिथेच. खरंच गाळलं असतं तर तू त्या लोकांना सोडलं नसतंस.

आता माझं ऐक. त्या दुपारी कॉरिडॉरमध्ये मी तुला सगळं सांगितलं नाही. जे उपचाराला हवं होतं ते सांगितलं, उरलेलं गिळलं. संघातून काढतील म्हणून लपवलं, हे खरं, पण ते आईबापांपासून. तुझ्यापासून का लपवलं, हे मी तिला विचारलं. तर माझा कान धरून जवळ ओढला आणि म्हणाली, "मोठी आत्या, धाकटीला नको ना सांगू. मला मोठेपणी तिच्यासारखं व्हायचंय. तिला कळलं की मी खोटं बोलले, तर ती मला शिकवणारच नाही." म्हणून ती तुझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघून "नाही" म्हणत होती.

मी पण कच्च्या गुरूची चेली नाही. म्हटलं, "अगं, मीसुद्धा तेच काम करते. माझ्यासारखं नाही का व्हायचं?" तर हसली आणि म्हणाली, "तू तर माझी आत्या आहेस!"

तिच्या दृष्टीनं तिनं मला केवढं तरी दिलं होतं, आणि मला मेलीला तेही कमी वाटलं. तिच्या उशाशी बसून जळले, धाकटे. दुसऱ्या सकाळी डॉक्टर तिच्या हाडाला सुई टोचणार होते, आणि मी तुझ्यावर जळत होते. ठरवलं होतं, हे तुला जन्मात कळू द्यायचं नाही. तुझ्याकडे काय कमी आहे! मासिक आहे, स्क्रीन आहेत, वर पुन्हा बरोबरही निघालीस. ही एवढी एक गोष्ट माझ्यापाशी राहिली तर कोणाचं काय जातं?

मग तुझं पत्र आलं. ती दिवसभर मोठी आत्या कधी येणार विचारते, 'मला विचारते', असं तू लिहिलंस. मी ते वाक्य परत परत वाचलं. छान वाटायला हवं होतं, वाटलंही, पण फार वेळ टिकलं नाही. तेव्हा घे. तुझं तुला दिलं.

आता माझं एक काम कर. ती आणखी मोठी होईल, तुझ्या मागे लागेल, आणि तू तिला शिकवशील. मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तू फिल्म लावशील आणि नावावर पट्टी चिकटवशील. मग ती विचारेल, हे तुला कोणी शिकवलं? तेव्हा हनुवटी जरा खाली घे आणि खरं सांग. मासिकात नको. फक्त तिला सांग.

नाही सांगितलंस तर मी तिथे येऊन पहिल्या बाकावर बसेन.

ताई